न बोलता वाहणारा डेटा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आजवर आम्ही बेणेप्रक्रिया, सरीतले अंतर, खोडव्याची निगा, पाचट कुजविणे अशाच विषयांवर लिहीत आलो. यावेळी विषय जरा निराळा आहे. वाचून कुणी म्हणेल, "उसाचे साहेब संगणकावर काय लिहायला लागले?" प्रश्न रास्त आहे. आमची पदविका शेतीची, संगणकाची नव्हे. परंतु गेल्या हंगामात एका सभासदाच्या घरी जो प्रकार पाहिला, तो पाहिल्यावर हे लिहिणे आम्हाला आमचे काम वाटले. कारण मूळ प्रश्न मापाचा आणि वाट्याचा आहे, आणि माप व वाटा या दोन्ही गोष्टी उसाच्या माणसाला नव्या नाहीत.

झाले असे. दिंडोरी तालुक्यातले एक सभासद गट ऑफिसात खोडव्याची नोंद द्यायला आले होते. चेहरा उतरलेला. आम्ही विचारले, "काय दादा, तब्येत बरी ना?" तर म्हणाले, "साहेब, तब्येतीला काय झालंय? पोरीची मुलाखत वाया गेली." त्यांची मुलगी नाशिकला शिकून घरी आलेली. एका कंपनीची नोकरीची मुलाखत दुपारी ४ वाजता संगणकावरून, समोरासमोर चित्र दिसेल अशी व्हायची होती. मळ्यात वायरचे इंटरनेट नाही, म्हणून सिमकार्ड घालायचे एक छोटे यंत्र घेतलेले. त्यावर रोज २ जीबी डेटा मिळतो. तो संपला की वेग एकदम उतरतो. त्या दिवशी ४ च्या आधीच तो संपला. चित्र थिजले, आवाज तुटला, समोरच्यांनी "पुढे कळवू" म्हटले आणि विषय संपला.

मुलगी म्हणत होती, "काका, सकाळपासून मी कुणाशी बोललेच नाही. मुद्दाम डेटा राखून ठेवला होता." वडील म्हणत होते, "मग पाणी चोरलं कुणी?"

हाच आजचा धडा. संगणकावर बोलण्याची जी सॉफ्टवेअरे आपण घालतो, ती आपण बोलत नसतानाही काय करीत असतात? त्यांना किती डेटा लागतो? आणि तो आपल्याच कामाला लागतो की दुसऱ्याच्या?

आधी माप समजून घ्या

इंटरनेटमध्ये दोन मापे असतात आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. गंगापूर किंवा दारणा धरणातून पाणी सोडले की वर्तमानपत्रात "इतके क्युसेक" असे येते. तो झाला वेग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी गेले ते. धरणात साठा किती, हे मात्र "दशलक्ष घनफूट" असे येते. ते झाले आकारमान. इंटरनेटचेही तसेच आहे. केबीपीएस आणि एमबीपीएस हा वेग. एमबी आणि जीबी हा साठा. कंपनी जाहिरात वेगाची करते. आपला संपतो तो साठा.

आणखी एक बारकावा. वेग 'बिट'मध्ये मोजतात, साठा 'बाइट'मध्ये. ८ बिट मिळून १ बाइट. म्हणून वेगाला ८ ने भागले की दर सेकंदाला किती डेटा गेला ते कळते. एक उदाहरण सोडवून पाहू.

नुसत्या आवाजाच्या बोलण्याला चांगल्या प्रतीसाठी साधारण १०० केबीपीएस लागतात असे धरा. बोलणे दोन बाजूंनी चालते. आपला आवाज जातो तितकाच समोरचा येतो, म्हणून २०० धरावेत. ८ ने भागले की सेकंदाला २५ केबी, आणि तासाला ३,६०० सेकंदांप्रमाणे ९० एमबी. साध्या चित्रासह बोलायला एका बाजूला ३०० केबीपीएस धरले तर तासाला २७० एमबी. स्वच्छ, मोठ्या चित्राला एका बाजूला १.५ एमबीपीएस धरले तर तासाला १ जीबी ३५० एमबी. म्हणजे रोजच्या २ जीबीत असे बोलणे फार तर दीड तास चालेल, तेही दुसरे काहीच चालू नसेल तर.

आता उलट बाजूने पाहा. नळाची चकती झिजली की थेंब थेंब पाणी गळते. आवाज येत नाही, पण सकाळी बादली भरलेली असते. एखादे सॉफ्टवेअर गप्प बसूनही सरासरी फक्त १ केबीपीएस वेगाने डेटा घेत राहिले, तर दिवसाचे सुमारे ११ एमबी आणि महिन्याचे सुमारे ३२४ एमबी होतात. रोज २ जीबी मिळणाऱ्याला हे काहीच नाही. पण महिन्यालाच ४०० एमबी मिळत असतील तर? असा काळ आपल्याकडे होता, आणि तो फार जुना नाही.

स्काईपची गोष्ट

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. संगणकावरून फोन करण्याला सरकारने परवानगी दिली १ एप्रिल २००२ पासून. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएस व त्याहून अधिक वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने आपली ब्रॉडबँड सेवा आणली. त्या वर्षांत महिन्याला काहीशे एमबी ते १ जीबी इतकाच साठा देणाऱ्या योजना सर्रास होत्या. त्यापुढे प्रत्येक एमबीला वेगळे पैसे. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ पर्यंत मोजदाद नसे. पोरे गजर लावून रात्री उठत. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला आपण उठतो, तसेच.

याच सुमारास घराघरांत स्काईप आले. ऑगस्ट २००३ मध्ये स्वीडनचे निकलस झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनी ते बाजारात आणले. प्रत्यक्ष बांधणी एस्टोनिया या छोट्या देशातल्या तंत्रज्ञांनी केली. संगणकावरून संगणकावर बोलणे फुकट, मग पोरगा पुण्यात असो की अमेरिकेत. ज्यांची मुले परदेशी गेली त्या आई-बापांना हे वरदानच वाटले. आंतरराष्ट्रीय फोन लावताना घड्याळाकडे बघत बोलण्याची सवय झालेल्या माणसांना तासभर निवांत बोलता येऊ लागले. द्राक्षे परदेशी पाठविणाऱ्यांनाही हे सोयीचेच होते.

पण फुकट कसे? दूरध्वनी खात्याला एक्सचेंज लागते, केबल लागते, माणसे लागतात. हा खर्च स्काईपने कुठून भागवला? उत्तर असे की बराचसा भार त्यांनी वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर टाकला.

ते कसे, हे जरा सावकाश समजून घेऊ. काही घरे रस्त्यावर उघडतात. दार ठोठावले की माणूस भेटतो. काही घरे वाड्याच्या आत असतात. आतला माणूस बाहेर येऊ शकतो, पण बाहेरच्याला थेट आत जाता येत नाही. संगणकांचेही असेच. काहींना इंटरनेटवर स्वतःचा उघडा पत्ता असतो, बाकीचे एखाद्या राउटरच्या आड असतात. दोन्ही माणसे वाड्याच्या आतली असतील तर पुष्कळदा त्यांना थेट भेटता येत नाही. मग तिसरा, रस्त्यावरचा माणूस मध्ये लागतो. एकाचा निरोप दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पहिल्याला पोहोचवायला.

स्काईपने हा तिसरा माणूस आपल्यातूनच निवडला. ज्या संगणकाला उघडा पत्ता आहे, वेग बरा आहे आणि जो बराच वेळ चालू असतो, त्याला सॉफ्टवेअर आपोआप 'सुपरनोड' करीत असे. म्हणजे गटातला म्होरक्या. कोण सध्या हजर आहे, कोणाचा पत्ता काय, याची नोंद तो इतरांसाठी ठेवी. गरज पडली की दोन अनोळखी माणसांचे बोलणेही मधल्या संगणकावरून जाई. हे सगळे मालकाला न विचारता, पडद्यावर काहीही न दिसता चाले. आपल्याकडे त्या वेळी अनेक मोडेम असे जोडलेले असत की जोडणी थेट संगणकावरून 'डायल' व्हायची आणि उघडा पत्ता संगणकालाच मिळायचा. असा संगणक या निवडीच्या कक्षेत येऊ शकत असे.

मधल्या माणसाला किती भार पडेल? दोघांच्या बोलण्याला एका बाजूने ४० केबीपीएस धरा. मधल्या संगणकाला पहिल्याचे घ्यायचे, दुसऱ्याला द्यायचे, आणि दुसऱ्याचे घेऊन पहिल्याला द्यायचे. म्हणजे चार वेळा ४०, एकूण १६० केबीपीएस, तासाला ७२ एमबी. महिन्याला ४०० एमबीची योजना असेल तर परक्यांच्या साडेपाच तासांच्या गप्पांत ती संपावी. बोलले कोणी आणि बिल कोणाच्या नावावर!

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अर्धवट सांगितल्यासारखे होईल. २००६ साली कॉर्नेल विद्यापीठाचे सैकत गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुपरनोड तपासून पाहिले. त्यांना आढळले की बहुतेक वेळ सुपरनोडवर भार फारच थोडा असतो. दुसऱ्याचे बोलणे किंवा फाइल वाहून नेतानाच तो वाढतो. तेव्हा स्काईप घातले म्हणजे रोज साठा लुटला जाई, असे मुळीच नव्हे. भीती पुष्कळदा खऱ्या खर्चापेक्षा मोठी होती. पण खर्च किती हा एक प्रश्न झाला आणि विचारले होते का हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर असे की वापरण्याच्या अटींत ते लिहिलेले होते. तुमच्या संगणकाची ताकद आणि तुमची लाइन इतरांच्या संपर्कासाठी वापरू देण्यास तुम्ही मान्यता देता, अशा अर्थाचे कलम होते. आपण 'मान्य आहे' वर बोट ठेवून मोकळे झालो. कर्जरोखा न वाचता अंगठा उठवावा, तसे.

या म्होरक्या संगणकांवर किती अवलंबून होते, हे दोनदा जगाने पाहिले. १६ ऑगस्ट २००७ रोजी विंडोजच्या अपडेटनंतर असंख्य संगणक एकाच सुमारास बंद होऊन पुन्हा सुरू झाले. सगळे एकदम परत आत येऊ लागले, म्होरके अपुरे पडले, आणि स्काईप सुमारे दोन दिवस विस्कळीत झाले. २२ डिसेंबर २०१० रोजी एका आवृत्तीतल्या दोषामुळे पुष्कळसे सुपरनोड बंद पडले, उरलेल्यांवर सगळा भार आला आणि पुन्हा तोच गोंधळ झाला. बांधाला एक भगदाड पडले की बाकीच्या बांधावर पाण्याचा दाब येतो, हे आपल्याला सांगायला नको.

२००५ मध्ये ईबे या कंपनीने स्काईप विकत घेतले. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज डॉलरला घेतले. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने म्होरक्याचे काम लोकांच्या संगणकांवरून काढून स्वतःच्या यंत्रांवर नेले. आणि ५ मे २०२५ रोजी स्काईप कायमचे बंद झाले.

फड आणि स्काईप

आता कुणी म्हणेल, "थोडं मला, थोडं शेजाऱ्याला, हा तर सहकारच झाला. यात वाईट काय?" प्रश्न विचार करण्यासारखा आहे. उत्तरासाठी आपल्याच जिल्ह्यात पाहू.

बागलाण तालुक्यात मोसम नदीवर, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धती शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी पाळीने. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला पंच. पाट कुणाच्या ना कुणाच्या शेताजवळून जाणारच. पण पाट कुठून जातो, किती पाणी कोणाला, दुरुस्तीला कोणी किती दिवस यायचे, पाणी कमी पडले तर कोणता फड सोडायचा, हे सगळे गावाला ठाऊक आणि गावाने ठरविलेले. तक्रार असेल तर पंचांपुढे बोलायची सोय.

स्काईपचा पाटही आपल्या शेतातून गेला. पण पाट गेला हे शेतमालकाला कळले नाही. पाणी किती गेले याचे माप त्याला दिसले नाही. नको म्हणायची चावी सुरुवातीला सामान्य माणसाच्या हाती नव्हती. पुढे २००६ च्या सुमारास कार्यालयांच्या संगणकप्रमुखांसाठी ती सोय झाली, पण घरातल्या माणसाला तिचा पत्ताही नव्हता. आणि ८.५ अब्ज डॉलरचा व्यवहार झाला तेव्हा ज्यांच्या संगणकांनी वर्षानुवर्षे भार वाहिला त्यांच्या वाट्याला काही आले नाही. त्यांना फुकट बोलायला मिळाले, हे खरे. तो मोबदला थोडा नव्हता. पण आपल्या कारखान्यात सभासदाने घातलेल्या भागाची नोंद असते, ताळेबंद छापून घरी येतो, सभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. सगळ्यांनी मिळून भार उचलला एवढ्याने सहकार होत नाही. कळवून, मोजून आणि विचारून उचलला तर तो सहकार.

मोजण्याचे महत्त्वही आपल्या जिल्ह्यानेच दाखवून दिले आहे. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात, ओझर भागात, पाणी वापर संस्थांनी पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून घ्यायला सुरुवात केली. पुढे २००५ च्या राज्याच्या कायद्यानेही हीच रीत धरली. पाणी मोजून घेऊ लागले की कोण किती वापरतो, कुठे किती मुरते, हे उघड दिसते. भांडणाची जागा हिशेब घेतो.

आज काय स्थिती आहे

आज बोलण्याची जी सॉफ्टवेअरे प्रचलित आहेत, व्हॉट्सॲप, झूम, गूगल मीट, टीम्स, त्यांचा मधला भार मुख्यतः कंपन्यांच्या स्वतःच्या यंत्रांवर असतो. परक्याचे बोलणे आपल्या संगणकावरून जाते, ही भीती यांच्या बाबतीत बाळगायचे कारण नाही. शिवाय २०१६ नंतर डेटा पुष्कळ स्वस्त झाला. मग चिंता मिटली का? शहरातल्या वायरच्या जोडणीवाल्याची मिटली. मळ्यात सिमकार्डावर रोजचा मोजका साठा घेणाऱ्याची नाही मिटली. त्याच्या घरी अजून पाळीचेच पाणी आहे.

पडद्याआड डेटा जाण्याची आजची कारणे ही अशी :

पहिले, हजेरी. सॉफ्टवेअरला कोणाचाही फोन केव्हाही घ्यायचा असतो. त्यासाठी ते कंपनीच्या यंत्राशी सतत धागा धरून बसते आणि मधूनमधून "मी आहे" म्हणून सांगत राहते. याचा खर्च नगण्य. फोन येण्यासाठी एवढे द्यावेच लागते.

दुसरे, आलेला माल उतरवून घेणे. नातेवाइकांच्या गटावर फोटो, व्हिडिओ येतात. आपोआप उतरवून घेण्याची सोय चालू असेल तर आपण पाहो न पाहो, ते संगणकावर येऊन पडतात. मोबाइलवरही येतात आणि संगणकावरही, म्हणजे तोच माल दोनदा. खर्च इथे खरा वाढतो.

तिसरे, अपडेट. सॉफ्टवेअर स्वतःची नवी आवृत्ती आणते आणि खुद्द विंडोजही आणते. विंडोजची मोठी अपडेट काही जीबींचीही असू शकते.

चौथे, दुसऱ्याला वाटप. स्काईपचा जुना पाट इथे वेगळ्या रूपाने शिल्लक आहे. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा त्यात 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सोय होती. आपल्या संगणकावर आलेल्या अपडेटचे तुकडे इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकांना पुरविण्याचे काम ती करू शकते. सुरुवातीला घरगुती आवृत्तीत ती चालूच असे, आणि त्यावर तेव्हा टीकाही झाली. आज ती बंद करता येते.

एक गैरसमजही काढून टाकू. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली म्हणजे सॉफ्टवेअर बंद झाले असे नव्हे. पुष्कळशी सॉफ्टवेअरे फक्त खाली कोपऱ्यात, घड्याळाजवळ जाऊन बसतात. मोटारीच्या खोलीचे दार लावले म्हणून मोटार बंद होत नाही, स्टार्टर पाडावा लागतो, तसे समजा.

घरी काय करावे

आमच्या संगणक विभागातल्या एका जाणत्या मुलाला घेऊन आम्ही त्या सभासदाच्या घरी गेलो. तिथे जे केले तेच क्रमाने देतो. विंडोज ११ मधली नावे दिली आहेत. जुन्या आवृत्तीत थोडा फरक पडेल.

१) आधी मोजा. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'डेटा युसेज' उघडा. कोणत्या सॉफ्टवेअरने गेल्या तीस दिवसांत किती डेटा घेतला ते तिथे ओळीने दिसते. ते वहीत लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. माती परीक्षणाआधी खत टाकू नये, तसे मोजल्याशिवाय काही बंद करू नये.

२) विंडोजला सांगा की पाणी मोजून मिळते. आपल्या वाय-फाय जोडणीच्या गुणधर्मात 'मीटर्ड कनेक्शन' असा खटका असतो. तो चालू करा. मग विंडोज मोठे डाउनलोड आवरते घेते. या एका खटक्याने पुष्कळ काम होते.

३) परक्यांना वाटप बंद करा. 'विंडोज अपडेट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या क्रमाने जा. दुसऱ्या संगणकांशी देवाणघेवाणीचा खटका बंद करा. घरात दोन-तीन संगणक असतील तर ती फक्त घरातल्या घरात ठेवण्याचा पर्यायही तिथे आहे. तो चांगला आहे, कारण एकाने आणलेले दुसऱ्याला पुन्हा बाहेरून आणावे लागत नाही.

४) आपोआप उतरविणे थांबवा. बोलण्याच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे यांसमोरच्या खुणा काढा. पाहिजे तो व्हिडिओ आपण बोटाने उतरवून घ्यावा.

५) संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी यादी तपासा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'स्टार्टअप'. रोज न लागणारी सॉफ्टवेअरे तिथे बंद करा. काढून टाकायची गरज नाही. लागेल तेव्हा उघडावीत, आणि काम झाले की घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'क्विट' करावीत.

६) महत्त्वाच्या बोलण्याआधी तासभर बाकीची सगळी यंत्रे वाय-फायवरून काढा. घरातले मोबाइल, टीव्ही सगळे. साठा अपुरा वाटला तर चित्र बंद ठेवून आवाजावर बोला. वरच्या हिशेबाने आवाजाला साध्या चित्राच्या तिसरा हिस्सा डेटा पुरतो.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. अपडेट कायमच्या बंद करू नका. त्यांत चोरवाटा बुजविणारे उपाय असतात. बँकेचे काम संगणकावर करणाऱ्याने तर मुळीच नाही. महिन्यातून एक-दोन दिवस, साठा शिल्लक असेल तेव्हा, स्वतः हाताने अपडेट करून घ्या. कुणी फोन करून "तुमचा डेटा चोरीला जातोय, आम्ही बंद करून देतो" म्हणाले आणि संगणकात शिरायची परवानगी मागितली, तर फोन ठेवून द्या. चोर पकडायला आलेला माणूसच चोर निघतो.

चोर कोण निघाला?

त्या घरचा हिशेब काढला तेव्हा मुलीचा संशय बोलण्याच्या सॉफ्टवेअरवर होता. ते नुसते हजेरी देत बसले होते, त्याला फारसे काही लागले नव्हते. पण त्याने मावसभावाच्या लग्नाचे व्हिडिओ एकामागून एक उतरवून घेतले होते. आणि सगळ्यांत मोठा वाटा संगणकाच्या अपडेटचा निघाला. ती नेमकी त्याच दिवशी सकाळी, कुणी न सांगता, येऊन गेली होती. वडील म्हणाले, "म्हणजे चोर घरातलाच!" आम्ही म्हटले, "चोर नाही दादा. गड्याला काम सांगितलं नाही तर तो त्याच्या मनानं करतो. आता सांगितलंय."

मुलीने कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला आणि रोज रात्री किती साठा उरला ते लिहायला लागली. पुढे दुसऱ्या एका ठिकाणची मुलाखत आली. त्या दिवशी आई मोबाइल बंद करून ओट्यावर जाऊन बसली होती, असे वडिलांनी आम्हाला सांगितले. मुलाखत पाऊण तास चालली आणि एकदाही तुटली नाही. नोकरी मिळणे न मिळणे हे तिच्या हुशारीवर. पण तिचे म्हणणे ऐकून घेतले गेले.

बंधू-भगिनींनो, कोरोनाच्या काळात सहकारी संस्थांच्या सभासुद्धा संगणकावरून, मोबाइलवरून झाल्याचे आपण पाहिले. मुलांच्या परीक्षा, बाजारभाव, डॉक्टरांचा सल्ला, परगावच्या लेकीशी बोलणे, हे सगळे आता याच पाटाने येते. तेव्हा पाटावर नजर ठेवायला शिकले पाहिजे. नवे सॉफ्टवेअर घालताना तीन प्रश्न विचारावेत : हे बंद असताना काय करते? याला किती डेटा लागतो? आणि माझ्या लाइनीवर हे आणखी कोणाचे काम करते का? उत्तर मिळाले नाही तर आठ दिवस मोजून पाहावे. उत्तर आपोआप मिळते.

कुणाला यातले काही जमले नाही तर नोंदीला येताना गट ऑफिसात विचारावे. आम्हाला येईल ते आम्ही सांगू, नाही आले तर त्या जाणत्या मुलाला विचारू. आणि हो, खोडव्याचे पाचट कुणी पेटवू नका. तेही मोजून न घेतलेले खतच आहे.

कळावे, लोभ असावा.

— ऊस विकास अधिकारी